दिगू टिपणीसला सगळं माहीत असतं. मग छापून काय येतं?

शाई_वाळली | रविवार, रात्री ११.४०

परवा भाचीबरोबर 'सिंहासन' पुन्हा पाहिला. ती पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याच आठवड्यात त्यांना वर्गात 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' दाखवला होता, म्हणजे अध्यक्ष निक्सनचं वॉटरगेट प्रकरण खणणाऱ्या वॉशिंग्टन पोस्टच्या दोन वार्ताहरांची गोष्ट. त्यामुळे बाईसाहेब भलत्याच तयारीत. शेवटी पत्रकार दिगू टिपणीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो, ते संपलं, मी नेहमीप्रमाणे जरा गप्प बसलो, आणि कार्टी म्हणाली, "मामा, ह्याने अख्ख्या पिक्चरमध्ये छापलं काय?"

मी बावीस वर्षं डेस्कवर काढली. हा चित्रपट निदान दहा वेळा पाहिला. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दिगू सगळीकडे असतो. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे त्याला जवळचा मानतात, त्यांना पाडायला निघालेले अर्थमंत्री दाभाडेही. जो तो त्याच्याजवळ मन मोकळं करतो आणि हळूच विचारतो, "तिकडे काय चाललंय?" बातमी त्याच्यापर्यंत येते ती या गोटातून त्या गोटात जायला. वाचकाचा संबंध येतो कुठे?

आता ते वॉशिंग्टनवाले दोघे बघा. दारं तोंडावर बंद होतात, फोन आपटले जातात, अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात बसून पुस्तकं नेल्याच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे उपसतात आणि कॅमेरा छतापर्यंत वर जातो तेव्हा ते दोघे मुंगीएवढे होतात. तिथे कोणालाच काही माहीत नाही, म्हणून शोधायचं. आपल्याकडे लपवतंय कोण? घोटाळा उघडकीला आणायला तो आधी झाकलेला तरी हवा.

अजून एक गोष्ट भाचीला सांगितली, तिला आवडली. जब्बार पटेल आणि तेंडुलकर या जोडीचाच आधीचा 'सामना'. त्यात निळूभाऊ म्हणजे साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील, आणि डॉ. लागू म्हणजे 'मारुती कांबळेचं काय झालं?' विचारणारे मास्तर. चार-पाच वर्षांनी 'सिंहासन'मध्ये अदलाबदल. आता लागू खुर्चीमागे लागलेले दाभाडे आणि निळूभाऊ झोळीवाले पत्रकार दिगू. तेच दोन चेहरे. पण मास्तर दारुडा, बेघर, कोणाचा कोणी नसलेला माणूस, आणि त्याचा प्रश्न हिंदूरावाला झोपू देत नाही. दिगूकडे वर्तमानपत्र आहे, ओळखी आहेत, मंत्रालयात मुक्त प्रवेश आहे, आणि त्याच्यामुळे कोणाची झोप उडत नाही. उडते ती त्याचीच.

माझाही एक दिगू-प्रसंग. पेपरचं नाव घेत नाही. आमच्या एका वार्ताहराने जमिनीचं प्रकरण आणलं होतं, सातबारे, फेरफार, सगळं हातात. पहिल्या पानाच्या तळाची मोठी बातमी, म्हणजे अँकर, म्हणून लावून झाला. साडेदहाला वरून फोन आला आणि त्या जागी पावसाळी पर्यटनाचं काहीतरी गेलं. दुसऱ्या दिवशी तो वार्ताहर चिडेल असं वाटलं होतं. तो हसला. म्हणाला, "साहेब, टपरीवर दोन महिने हीच चर्चा आहे. आपण छापून लोकांना नवीन काय सांगणार होतो?"

तर मंडळी, बदनाम नेते, घोटाळे आणि पत्रकार यांच्यावरचे चित्रपट. आपले, परके, कुठलेही. लिहा.

गवती_चहा | सोमवार, सकाळी ७.०५

वाचतेय. खरं सांगू, मला 'सिंहासन'मधलं फक्त 'उषःकाल होता होता' आठवतं. सुरेश भट, हृदयनाथ, आशाबाई. लहानपणी रेडिओवर लागलं की वाटायचं, सकाळचं छान गाणं आहे. काळरात्र वगैरे शब्द कानावरून जायचे. फार उशिरा कळलं की आपण भलतंच गुणगुणत होतो.

भाचीला शाबासकी सांगा.

जुने_सचिवालय | सोमवार, सकाळी १०.१५

मी मंत्रालयात कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं आतलं आणि थोडं तारखांचं.

पुष्कळांना वाटतं की वसंतदादांचं सरकार पडलं त्यावर 'सिंहासन' बेतला आहे. क्रम उलटा आहे. अरुण साधूंची 'सिंहासन' कादंबरी १९७७ची, 'मुंबई दिनांक' तर त्याच्याही आधीची. चित्रपट या दोन्हींवर उभा आहे. सरकार आतल्याच माणसांनी पाडलं ते जुलै १९७८मध्ये, आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. चित्रपट १९७९चा. साधू स्वतः वार्ताहर होते, त्यांना वारा कुठून येतो ते कळत होतं.

गंमत पुढे आहे. मंत्रालयात चित्रीकरण करायला परवानगी दिली ती पवारांच्याच सरकारने. खुर्ची कशी हलवायची हे दाखवणाऱ्या चित्रपटाला, नुकतीच खुर्ची हलवून आलेल्यांनी आपलं ऑफिस वापरायला दिलं! म्हणजे सत्तेला तो टोचला नाही. आमच्या कँटीनमध्ये तर आमदार मंडळीच कौतुकाने बोलायची, 'काय पकडलंय!' म्हणून. एखादा जरा जास्तच कुजबुजायला लागला की त्याला आम्ही 'दाभाडे आले' म्हणायचो, आणि त्याला ते आवडायचं.

मला तरी यात चित्रपटाचा थोडा पराभव दिसतो. पण मी आपला कारकून माणूस.

खडूसकाका | सोमवार, दुपारी १.३०

धागाकर्ते, लेखन छान, निष्कर्ष अर्धवट. 'आपल्याकडे छापून काही होत नाही' ही डेस्कवरच्या माणसांची आवडती पळवाट आहे. (हलके घ्या.)

'सिंहासन'नंतर जेमतेम दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९८१ला, इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरींचा लेख आला. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री, इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, आणि सिमेंट. आजच्या मुलांना सांगावं लागेल की तेव्हा सिमेंट नियंत्रित होतं, घर बांधायला सरकारकडून कोटा मिळवावा लागे. आरोप असा की बिल्डरांनी ट्रस्टना देणग्या द्यायच्या आणि वाढीव सिमेंट न्यायचं. प. बा. सामंतांसारखी माणसं उच्च न्यायालयात गेली, न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि जानेवारी १९८२मध्ये अंतुले पायउतार झाले. पेपर, कोर्ट, राजीनामा. अगदी अमेरिकन पिक्चर. १९८६मध्ये एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर निलंगेकरही गेले. २०१०मध्ये 'आदर्श'वरून अशोक चव्हाणांनी राजीनामा दिला.

तीन मुख्यमंत्री! एकावर तरी धड मराठी चित्रपट आहे का? शोधाशोध, ट्रस्टचे कागद, कोर्टातली जुगलबंदी, मालक गोएंका ठाम उभा, सगळा मसाला तयार आहे. कोणी हात लावत नाही. आपल्याला पडलेला मुख्यमंत्री बघायचा नसतो, कट करणारा बघायचा असतो.

आता तुमच्या बाजूचंही एक देतो. अंतुले त्यानंतर संपले का? १९९५-९६ला केंद्रात आरोग्यमंत्री, २००६ ते २००९ अल्पसंख्याक व्यवहार मंत्री. राजीनाम्यावर पिक्चर संपवला तर टाळ्या मिळतात, पण मग मध्यंतरालाच घरी गेल्यासारखं होतं.

जुने_सचिवालय | सोमवार, दुपारी २.१०

खडूसकाका, +१. सिमेंटच्या परवान्यासाठी लोक आमच्या दारात कसे उभे असत ते मी पाहिलंय. त्यावर खरंच कोणीतरी करायला हवा.

न्यूजर्सीकर_निशा | सोमवार, रात्री ९.२०

वॉटरगेटबद्दल जरा हवा काढते, कारण इथे आल्यावर माझीही काढली गेली.

मीही समजत होते की दोन तरुण वार्ताहरांनी निक्सनला घालवलं. चित्रपट नीट आठवा. तो संपतो जानेवारी १९७३ला. न्यूजरूममधल्या टीव्हीवर निक्सन दुसऱ्यांदा शपथ घेतोय आणि मागे हे दोघे टाइप करत बसलेत. म्हणजे हे सगळं छापून झाल्यावर तो निवडणूक जिंकलाय! नोव्हेंबर १९७२ला पन्नासपैकी ४९ राज्यं. लोकांनी वाचलं आणि मत दिलं. शाई_वाळली, तुमच्या वार्ताहराचं टपरीवालं वाक्य इथेही लागू आहे.

त्यापुढचं दीड वर्ष चित्रपट टेलिप्रिंटरच्या खडखडाटात उरकतो. खरं काम त्या दीड वर्षात झालं. न्यायाधीश सिरिका यांनी वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसलेल्या चोरांवर दबाव आणला, सिनेटची समिती बसली, जुलै १९७३ला बटरफिल्ड नावाच्या अधिकाऱ्याने सांगून टाकलं की अध्यक्षांच्या कार्यालयात सगळं टेप होतं, मग त्या टेपांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई, आणि ऑगस्ट १९७४ला राजीनामा. महिन्याभरात फोर्डने माफी दिली, खटला नाहीच. पण कागदपत्रं चाळणाऱ्या वकिलाच्या भूमिकेत रेडफोर्डसारखा नट कसा लावणार?

आणि ते जगप्रसिद्ध 'पैशाचा माग काढा'? वूडवर्ड-बर्नस्टीन या त्या दोन वार्ताहरांच्या पुस्तकात ते वाक्य नाही. पटकथाकार विल्यम गोल्डमनचं आहे. गंमत म्हणजे याच चित्रपटासाठी स्टुडिओत वॉशिंग्टन पोस्टची न्यूजरूम हुबेहूब उभारताना टेबलांवर पसरायला खऱ्या कचेरीतला कचरा मागवला होता. कचरा अस्सल, वाक्य बनवलेलं. आणि आमच्याकडे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या टी-शर्टवर तेच वाक्य असतं.

आणखी एक खटकतं. पोस्टची मालकीण कॅथरीन ग्रॅहम. छापायचं की नाही हा शेवटचा शब्द तिचा. या चित्रपटात ती दिसतच नाही. तिला पडदा मिळाला २०१७ला, स्पीलबर्गच्या 'द पोस्ट'मध्ये. त्यात पेंटॅगॉन पेपर्सचं, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलच्या गुप्त सरकारी कागदांचं प्रकरण आहे, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची कंपनी शेअर बाजारात उतरतेय. छापलं तर पैसा जाणार. हा प्रसंग मला दोन वार्ताहरांच्या धावपळीपेक्षा जास्त खरा वाटला. (ते पेपर्स आधी न्यूयॉर्क टाइम्सने छापले होते. चित्रपट ते सांगतो, पण जरा घाईघाईत.)

शाई_वाळली | सोमवार, रात्री १०.५०

निशाताई, ४९ राज्यांचं वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे माझं 'तिकडे माहीत नसतं, इकडे माहीत असतं' हे बरंचसं ढासळलं. फरक बहुधा छापून आल्यानंतरच्या दीड वर्षात आहे. पुढे कोणी समन्स काढतो का, कोणी टेप मागतो का. काकांच्या उदाहरणातही लेख ऑगस्टचा आणि माणूस गेला कोर्टाच्या निकालावर.

काका, पळवाटीचं मान्य. बावीस वर्षं तीच वापरली.

बिनपाण्याचा_नळ | मंगळवार, सकाळी ८.४५

'जाने भी दो यारो' कोणीच कसा काढला नाही? १९८३, सिमेंट प्रकरण नुकतंच होऊन गेलेलं. बिल्डर तरनेजा, बिल्डर आहुजा, कमिशनर डिमेलो आणि कोसळणारा पूल. काका, तुमचा सिमेंटवरचा चित्रपट हाच! हिंदीत आहे आणि हसवत हसवत आहे, म्हणून ओळखू येत नाही इतकंच.

मीडियाबाबत तर हा 'सिंहासन'च्या दोन पायऱ्या पुढे. दिगू निदान हताश आहे. इथे 'खबरदार' मासिकाची संपादिका शोभा भ्रष्टाचार उघड करण्याच्या गोष्टी करत तेच पुरावे घेऊन सौदा करायला बसते. आणि ही भूमिका कोणी करावी? भक्ती बर्वेंनी! 'ती फुलराणी'वाल्या. नसीर आणि रवी बासवानी बिचारे खऱ्यासाठी फोटो काढतायत आणि बाई किंमत ठरवतायत. प्रेताच्या आणि महाभारताच्या गोंधळात लोक ही बाई विसरतात, मी नाही विसरलो.

शेवटी ते दोघे कैद्याच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यावर. दिगू वेडा, हे दोघे कैदी. आपले शोधपत्रकार कुठे पोचतात बघा.

खडूसकाका | मंगळवार, सकाळी ९.३०

नळ, मान्य. सपशेल. तरी 'मराठीत नाही' हा मुद्दा शिल्लक आहे.

आणि भीती हेही एक कारण धरा. अमृत नहाटांचा 'किस्सा कुर्सी का' आणीबाणीत जप्त झाला आणि त्याच्या प्रती गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या. त्यावर खटला चालला, संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ला यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली, १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले. नहाटांनी चित्रपट पुन्हा केला, तो आला तेव्हा लोकांचा उत्साह ओसरला होता. मी पाहिलाय. चित्रपटापेक्षा त्याच्या राखेची गोष्ट जास्त चांगली आहे.

टेम्सकाठची | मंगळवार, दुपारी ४.००

बदनाम नेत्याचं पुढे काय होतं, यावर विलायतेतलं उदाहरण. जॉन प्रोफ्युमो, युद्धमंत्री. क्रिस्टीन कीलर या तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल संसदेत खोटं बोलला आणि जून १९६३ला राजीनामा दिला. १९८९चा 'स्कँडल' त्यावर आहे. प्रोफ्युमो झालाय इयन मॅकेलन, पण चित्रपटाचा जीव आहे त्यांची ओळख घडवणारा डॉ. वॉर्ड आणि कीलर यांच्यात. सगळ्या देशाने त्या मुलीला चघळून थुंकलं, आणि ते दाखवताना चित्रपटही तिला पुन्हा बघून घेतो, हे मला डाचतं.

पण प्रोफ्युमोचा उत्तरार्ध कोणी दाखवत नाही. हा माणूस पूर्व लंडनमधल्या टॉयन्बी हॉल या सेवासंस्थेत गेला, सुरुवातीला भांडी घासली म्हणतात, आणि पुढची कित्येक दशकं तिथेच काम करत राहिला. मंत्रिपद मागितलं नाही, मुलाखती देत बसला नाही. पडद्यावर यात काय दाखवणार? माणूस रोज बसने जातो, पैसे गोळा करतो, घरी येतो.

निक्सनने मात्र मुलाखत दिली, तीही विकत. डेव्हिड फ्रॉस्टने सहा लाख डॉलर मोजले आणि १९७७च्या वसंतात पावणेएकोणतीस तासांचं चित्रण केलं. 'फ्रॉस्ट/निक्सन' (२००८) ते कुस्तीसारखं दाखवतो. शेवटची फेरी, घामेजलेला निक्सन, क्लोजअप. त्याआधीच्या रात्री दारू पिऊन निक्सन फ्रॉस्टला फोन करतो तो प्रसंग तर पूर्ण कल्पित आहे. 'अध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतं', हे मात्र तो खरोखर बोलला होता. एवढं खरं वाक्य हाती असताना फोन कशाला बनवावा लागला कोण जाणे.

बिनपाण्याचा_नळ | मंगळवार, दुपारी ४.४०

'नायक'! अनिल कपूर, अमरीश पुरी! मुलाखत घेता घेता एक दिवसाचा मुख्यमंत्री! फ्रॉस्टला हे सुचलं नाही!

टेम्सकाठची | मंगळवार, दुपारी ४.५५

हसू नका, धागा तोच आहे. दोन्हीकडे कोर्टाचं काम कॅमेरा उरकून टाकतो. आमच्या निक्सनने निदान आधी चेक वटवला.

सत्यवचनी_७७ | मंगळवार, सायंकाळी ६.१०

इतकं जुनं काय उकरताय? आत्ताच्या लोकांवर बोला ना. हिंमत आहे का? आमच्या जिल्ह्यातले

[प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. धाग्याचा विषय चित्रपट आहे. — धागापाल]

गवती_चहा | मंगळवार, सायंकाळी ६.३०

घ्या. चित्रपट कशाला हवा, धाग्यावरच साडेदहाचा फोन आला.

तालुक्याचा_प्रतिनिधी | मंगळवार, रात्री ११.१५

बरेच वर्षांचा वाचक, पहिलाच प्रतिसाद. चूकभूल द्यावी घ्यावी.

तुम्ही सगळे संपादक, मालक, मुंबईचे दिगू यांच्याबद्दल बोलताय. मी तालुक्याचा वार्ताहर होतो, चौदा वर्षं. पगार नाही. मानधन, ते पण कधीमधी. आमच्यासारखा माणूस मला एकाच चित्रपटात दिसला, २०१०च्या 'पीपली लाइव्ह'मध्ये. गावातला राकेश. नत्था आत्महत्या करणार ही बातमी पहिल्यांदा तो देतो, मग दिल्लीचे चॅनेलवाले ओबी व्हॅन घेऊन येतात आणि तो त्यांना रस्ता दाखवत फिरतो. शेवटी आगीत मरतो तो, आणि लोक समजतात नत्था मेला. त्याच्या मरणाची बातमीसुद्धा दुसऱ्याच्या नावावर. मी थिएटरात होतो, बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात काहीतरी गेलं.

आता भाचीताईंचा प्रश्न, छापलं काय. मी सांगतो काय छापलं. वाढदिवसाची पुरवणी.

आमदारांचा वाढदिवस आला की जिल्हा कचेरीतून फोन येतो, एवढ्याची जाहिरात आणा. ते आमचं टार्गेट. कमिशन त्यावर, घर त्यावर. मग साहेबांच्या पीएकडे जायचं, तो यादी देतो. पतसंस्था, दूध संघ, दोन ठेकेदार, एक पेट्रोल पंप. प्रत्येकाकडे जाऊन फोटो घ्यायचा, 'शुभेच्छुक' म्हणून खाली नावं लावायची, नावांच्या क्रमावरून भांडणं सोडवायची. एक नाव राहिलं की सहा महिने तो माणूस नमस्कार घेत नाही. वर एक लेख लागतो, 'विकासाचा ध्यास घेतलेले नेतृत्व'. तो मीच लिहायचो. दरवर्षी तोच, आकडे बदलून. पी. साईनाथांनी २००९च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजवर लिहिलं तेव्हा सगळे चकित झाले. आमच्याकडे कोणी चकित झालं नाही, फक्त दर कळले.

तर पुरवणी महिन्यावर आली असताना त्याच साहेबांच्या जमिनीचे सातबारे माझ्या हातात आले तर मी काय करणार? शाई_वाळली सर, तुमच्याकडे साडेदहाला फोन यायचा. आमच्याकडे यायचा नाही. गरजच नव्हती.

शाई_वाळली | मंगळवार, रात्री ११.५०

प्रतिनिधी साहेब, जागे आहात का अजून? ते सातबारे तुमच्या हातात खरंच आले होते, की उदाहरणादाखल म्हणताय?

तालुक्याचा_प्रतिनिधी | बुधवार, रात्री १२.१०

आले होते. झेरॉक्स आहेत, माळ्यावर, जुन्या पुरवण्यांच्याच गठ्ठ्यात. भाचीताईंना प्रोजेक्टला हव्या असतील तर सांगा, सुट्टीच्या दिवशी शिडी लावून काढतो.